माझ्या अंगात कोणी येत नाही

त्यांनी माझे केस सोडले. दोघींनी दंड धरले, तिसरीनं अंबाड्याच्या पिना ओढून काढल्या आणि बाईसाहेबांनी मूठभर कुंकू माझ्या कपाळाला फासलं. मळवट भरला. कुंकू डोळ्यांत गेलं. मी सांगत होते, "मला खाली बसवा. माझे पाय गेलेत." पण संबळ वाजत होता, बाया ओरडत होत्या आणि माझ्या बोलण्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

"आई, कुठली तू? तुळजापूरची का माहूरची?" बाईसाहेबांनी हात जोडून विचारलं.

मी तुळजापूरची नव्हते आणि माहूरचीही नव्हते. मी त्यांच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवणारी बाई होते. तासाभरापूर्वी याच बाईसाहेबांनी मला सांगितलं होतं, "ताटं मांड बाहेर. सैपाकघरात पाय ठिवू नको. तुझ्या अंगाला मेंढराचा वास येतोय." आणि आता त्या खाली वाकून माझ्या पायांवर डोकं टेकत होत्या.

शाळा बाईसाहेबांच्या नवऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्या संस्थेची. गावाचं नाव लिहीत नाही, तेरपासून फार लांब नाही एवढं पुरे. आमच्याकडं संस्थेत नोकरी म्हणजे साहेबांच्या घरची वेठ, हे सगळ्यांना माहीत असतं. बंगल्यावर कार्य निघालं की पोरांना सुट्टी आणि मास्तरांना हजेरी. इंग्रजीचे सर गाड्या लावून घेतात, विज्ञानाचे सर आचाऱ्याच्या मागं मागं फिरतात, आम्ही बायांनी वाढायचं आणि उष्टी काढायची. माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती. मी निमूट वाढायचे.

त्या दिवशी अष्टमीचा होम होता. हॉलची दारं लावलेली, आत धूर, बायांची दाटी, ऑक्टोबरातला घाम काढणारा उकाडा. मी सकाळपासून उभी. काही महिन्यांपासून माझ्या तळपायांना मुंग्या यायच्या, दुपार झाली की चिखलातून चालल्यासारखं वाटायचं. मी ते लपवत आले होते. बिनलग्नाची, कच्च्या नोकरीतली बाई दुखणं सांगून काय मिळवणार? ओटीचं ताट घेऊन होमापाशी गेले आणि पाय माझे राहिले नाहीत. आधी डावीकडं कलंडले, मग उजवीकडं. नारळ घरंगळला. कोणीतरी किंचाळलं, "वारं आलं! मास्तरणीच्या अंगात वारं आलं!"

पुढचं वर सांगितलंच आहे. शेवटी देवी शांत करायची म्हणून एकीनं माझ्या डोक्यावर गार पाण्याची घागर ओतली. आणि खरंच, थोड्या वेळात माझे पाय परत आले. मी भिंतीला धरून सरळ उभी राहिले. साऱ्या हॉलनं हात जोडले. त्यांना याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? खरं सांगते, त्या क्षणी माझीही बुद्धी चळली. पोरांना सिद्धता लिहायला लावणारी मी, पण मलाही वाटलं, असेल बाई काहीतरी.

संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर आला. हेडमास्तरांनीच टाकला होता. खाली हात जोडल्याची चित्रं, फुलांची चित्रं. भिजलेली, केस सोडलेली, पदर ढळलेली मी.

त्यानंतर मंगळवार माझे राहिले नाहीत. दर मंगळवारी बंगल्यावरून गाडी यायची. माझे तास दुसऱ्याला द्यायचे आणि मला पाटावर नेऊन बसवायचं. बाया विचारायच्या, सून नांदंल का, पोराला नोकरी लागंल का, साहेबांना तिकीट मिळंल का. मी गप्प बसायचे. मग बाईसाहेबच अर्थ लावायच्या, "आई बोलंना म्हणजे होकार हाय." मी मान हलवली तरी होकार, नाही हलवली तरी होकार. मोठ्या घरांत देवीसुद्धा मालकाच्या तोंडानंच बोलते.

स्टाफरूममध्ये विज्ञानाचे सर कमरेत वाकून विचारायचे, "आई, माझी बदली कधी व्हायची?" बाकीचे फिदीफिदी हसायचे. वर्गातल्या पोरी मला शंका विचारीनाशा झाल्या. एकीचं गणित चुकलं तर ती रडत माझ्या पाया पडली. तो दिवस मला फार लागला. मी शिकवण्याकरता जीव टाकत आले होते, आणि पोरी मला घाबरत होत्या.

माझी माय मात्र खूश होती. माझा बाप साहेबांच्या रानात मेंढरं बसवायचा. लेंड्यांचं खत त्यांच्या जमिनीला, बदल्यात ज्वारी आम्हाला. ती ज्वारी आणायला माय बंगल्याच्या मागच्या दारात उभी राहायची. उन्हात, पावसात, मला काखेत घेऊन. तिला आत कधी कोणी बोलावलं नाही. बाप गेला, मेंढरं गेली, तरी त्या दारातलं उभं राहणं तिच्या अंगातून गेलं नव्हतं. आता त्याच बंगल्यात तिला पुढच्या दारानं नेत. खुर्ची देत. कपबशीत चहा देत. घरी आली की ती ते पुन्हा पुन्हा सांगायची. मी ऐकून घ्यायचे, तिचा तेवढा आनंद मला मोडवत नव्हता.

मग फळ्यावर लिहिताना डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं. अक्षरं गेली. दोन दिवसांनी न्हाणीत पडले. मायला घेऊन सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी विचारलं, चालताना नेमकं काय होतं? मी सांगायच्या आत मायनं मोबाइल पुढं केला. अभिमानानं. "बगा की सायब, देवी आल्ती हिच्यात."

डॉक्टरांनी आवाज बंद केला. व्हिडिओ परत लावला. तोंडाकडं नाही, पायांकडं बघत होते. मग मला विचारलं, "पाणी ओतल्यावर बरं वाटलं?"

"हो."

"आणि गरम झालं की वाढतं?"

मी हो म्हणाले आणि मला रडू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला माझ्याबद्दल विचारलं होतं.

तपासण्या झाल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी ताकद आपल्याच नसांवर उलटते, वायरीवरचं प्लास्टिक सोलावं तसं नसांवरचं आवरण सोलते. अंग तापलं की अशा नसेतून निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. गार झालं की पुन्हा पोचायला लागतो. एवढंच होतं ते वारं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. म्हणाले, आजार पुरता जाणार नाही, पण तोल आणि चालणं टिकवायचं तर फिजिओथेरपी सोडायची नाही.

सोलापूरच्या स्टँडवर माय पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "देवीच बरी हुती गं. आजाराला कोन पाया पडतंय?"

मी तिच्यावर ओरडले. भर स्टँडवर. पण ती खोटं बोलत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

धाराशिवला एक फिजिओथेरपीच्या मॅडम मिळाल्या. तुसड्या बाई. पहाटेच्या एसटीनं या म्हणाल्या, ऊन चढायच्या आत. ओला पंचा मानेभोवती गुंडाळायला लावला. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं केलं, पाय जुळवून, डोळे मिटून. डोळे मिटले की जमीनच हरवायची. मग मऊ गादीवर उभं राहायचं. मग दोन दांड्यांच्या मधून, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालायचं. मग मान इकडंतिकडं वळवत. मी सारखी खाली बघायचे. त्या खेकसायच्या, "पायाकडं काय बघता? पाय कुठं पळून चाललेत? समोर बघा."

एकदा म्हणाल्या, चालताना पाढे म्हणा. रस्त्यावर माणूस बोलतही असतो आणि चालतही असतो, दोन्ही एकदम जमलं पाहिजे. मी सतराचा घेतला. सतरा त्रिक म्हणेपर्यंत पाय थांबले. पाय उचलले तर पाढा थांबला. मी गणिताची बाई. दांडी धरून लहान पोरासारखी हमसून रडले. मॅडमनी रडू दिलं, पाणी दिलं, मग म्हणाल्या, "झालं? आता दोनाच्या पाढ्यानं सुरू करा."

माझ्या कमरेला त्यांनी एक रुंद पट्टा बांधलेला असायचा आणि मागून तो त्या घट्ट धरायच्या. मी पडू नये म्हणून. बंगल्यातही मला धरायचे, पण मी अजून डोलावं म्हणून. हा फरक समजायला मला आजारी पडावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

हळूहळू फरक पडत गेला. पडणं थांबलं नाही, कमी झालं. वळताना आधी थांबायचं, मग वळायचं, हे अंगवळणी पडलं. हातात काठी आली. आणि मला वाटलं, आता बाईसाहेबांना सगळं नीट सांगून टाकावं. शिकलेल्या माणसाचा हा एक भाबडेपणा असतो. त्याला वाटतं, समोरच्याला माहिती नाही म्हणून तो असा वागतो.

मी बंगल्यावर गेले. सगळं समजावून सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, नसांचं सांगितलं. उकाड्यात उभी राहिले, धुराजवळ बसले की पाय जातात, लघवीसुद्धा धरवत नाही, गार वारा लागला की सावरते. बाईसाहेब शांतपणे ऐकत होत्या. मध्ये मध्ये "असं व्हय" म्हणत होत्या. चहा दिला. निघताना म्हणाल्या, "जप बाई जिवाला. आता मंगळवारी येऊ नको." मी डोळे पुसत बाहेर पडले. वाटलं, माणूस आहे शेवटी.

चैत्रात निरोप आला. पौर्णिमेला बंगल्यावर पूजा आहे, मुंबईहून कोणा मोठ्या पुढाऱ्याच्या बायको येणार आहेत, तू फक्त ओटी घ्यायला ये, खुर्चीवर बसून राहा. हेडमास्तर म्हणाले, "जाऊन या मॅडम, तुमची फाइल सायबांच्या टेबलावर हाय." माय म्हणाली, "जाऊ की गं. एवढ्या मानानं बोलावलंय." मी गेले. काठी घेऊन गेले.

काठी बाईसाहेबांनी दारातच काढून घेतली. "आत चपला, काठ्या न्हाय आणत," म्हणाल्या. मला होमाजवळच्या पाटावर बसवलं, सोबत आलेल्या मायला खुर्ची दिली. बाहेर अंगाची काहिली करणारं ऊन. तरी डोक्यावर पंखा फिरत होता, माझं ठीक चाललं होतं. पाहुण्या बाई आल्या, समोर बसल्या. संबळ सुरू झाला. मी आपली स्वस्थ बसलेली. पाहुण्या बाई घड्याळाकडं बघायला लागल्या.

तेव्हा बाईसाहेब मोलकरणीकडं वळल्या. आवाज बारीक होता, पण मी हाताच्या अंतरावर होते. मला एकेक शब्द ऐकू आला.

"पंखा बंद कर. खिडक्या लाव. हिला गरम झालं की येती."

हिला गरम झालं की येती.

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी सांगितलेलं सगळं नीट कळलं होतं. मीच दिलेल्या माहितीनं त्या माझे पाय काढून घेत होत्या. मी त्यांना अडाणी समजत होते, भाविक समजत होते. त्या दोन्ही नव्हत्या. त्यांना एक डोलणारी बाई पाहिजे होती, आणि ती कशी डोलते हे त्यांना आता पक्कं ठाऊक झालं होतं.

मी उठायला गेले. आधारासाठी हात पुढं केला, तर दोघींनी तोच दंड धरला. उभी केली. धूर. गरमी. पाय गेले. मी डोलायला लागले, बाया ओरडायला लागल्या, कोणीतरी पुन्हा केस सोडले. पाहुण्या बाई पदर पसरून समोर आल्या. "आई, आमच्या साहेबांचं काय?" मी ओरडले, "मला बाथरूमला जायचंय. सोडा." कोणी सोडलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. साडीतून खाली फरशीवर. पाहुण्या बाईंच्या पसरलेल्या पदरापर्यंत.

संबळ थांबला. पहिल्यांदा हात सुटले ते माझ्या दंडावरचे. मी धाडकन खाली पडले, त्यातच. कालपर्यंत पायावर डोकी ठेवणाऱ्या बाया नाकाला पदर लावून मागं सरकल्या. "विटाळ केला गं! देवापुढं विटाळ केला!" आणि बाईसाहेब, त्या एका पळात आई विसरल्या. "मेंढक्याची जात," म्हणाल्या. "कितीबी पाटावर बसवा." मग खुर्चीवर बसलेल्या माझ्या मायकडं बोट केलं. "ए, ऊठ. पूस ते. तुझ्याच पदरानं पूस."

माय उठली. तिला ती खुर्ची सोडायला एक क्षण लागला नाही. जणू इतके महिने ती उठण्याचीच वाट बघत होती. खाली बसली, पदर काढला आणि माझ्या भोवतीची फरशी पुसायला लागली. तोंडानं म्हणत होती, "चुकलं माय. पोरगी चुकली. पदरात घ्या."

मी तिचा हात धरला.

"माय, ऊठ."

ती उठेना. मी तिचा पदर तिच्या हातातून ओढून घेतला. पाटाच्या कडेला हात रोवला. आधी गुडघा, मग एक पाऊल, मग भिंत. मॅडमनी पडल्यावर उठायचं जसं शिकवलं होतं, तसं. कोणी हात लावला नाही, बरंच झालं. खिडकीपर्यंत भिंतीनं गेले आणि ती उघडली. मग सगळ्यांकडं तोंड केलं.

"ही देवी नाही," मी म्हणाले. "हे माझं मूत आहे. मला आजार आहे आणि तो यांना माहीत आहे. माहीत असून यांनी पंखा बंद करायला लावला. आता ज्यांनी बंद केला, त्यांनी पुसावं."

बाईसाहेब पुढं आल्या. "नोकरी करायची हाय का तुला?"

"करायची आहे. गणिताची."

दारातून माझी काठी मी माझ्या हातानं घेतली. माय मागून येत होती. पुढच्या दारानंच बाहेर पडलो, ओल्या कपड्यांनी, रस्त्यावरच्या लोकांसमोरून. मला लाज वाटली. खूप वाटली. अजून आठवलं की अंग आक्रसतं. पण लाज वाटायला जित्तं माणूस लागतं. पाटावर बसवलेल्या देवीला कुठली लाज.

त्यानंतर सुरू झालं. माझे सगळे वर्ग दुसऱ्या मजल्यावर, सगळे तास दुपारचे. "वरून आदेश आहे," हेडमास्तर नजर चुकवून म्हणाले. फाइल टेबलावरून कुठं गेली कोणी सांगत नाही. गावात बोलतात, देवी कोपली, म्हणून पाय वाळणार. मी ओला पंचा गळ्यात घालून कठडा धरून चढते. मधल्या कट्ट्यावर थांबते. कधी वर्गात खुर्चीवर बसून शिकवते, कधी जिन्यात पडते. नवीन झटका आला तर आज आहे तेवढंही चालणं राहील का, हे डॉक्टरांनाही माहीत नाही. खोटी उमेद मला कोणी देऊ नये.

पण हे मी लिहितेय ते एवढ्यासाठी नाही.

गेल्या आठवड्यात नववीतली एक पोरगी मंगळवारी वर्गात नव्हती. तिला फिटचे झटके येतात. वर्गातच दोनदा आले होते. मी तिच्या आईला दवाखान्याचा पत्ता दिला होता. पोरींना विचारलं तर एक हळूच म्हणाली, "बाई, तिला बंगल्याची गाडी आल्ती. तिच्यात आली म्हणं."

मी तिच्या घरी गेले. कपाळभर मळवट, डोळ्यांत कुंकू जाऊन डोळे लाल. जीभ चावलेली. तिची आई मला सांगत होती, बंगल्यात खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. माझ्यासोबत माय आली होती. आजारावर तिचा विश्वास अजून पुरता बसलेला नाही. पण ती त्या बाईच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "खुर्ची देत्यात, व्हय. आन् फरशी बी आपल्यालाच पुसाया लावत्यात. म्या पुसलीय."

तरी त्या बाईनं पोरगी पाठवणार नाही असं म्हटलं नाही. तिचा नवरा साहेबांच्या ट्रॅक्टरवर आहे. तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

परवा मंगळवार आहे. मी शाळेत जाणार नाही, बंगल्याच्या फाटकात उभी राहणार आहे. ऊन असेल. नोकरी त्याच दिवशी जाईल, हे गृहीत धरलं आहे. किती वेळ उभी राहू शकेन, माहीत नाही. पाय गेले तर गाडीच्या वाटेतच पडेन आणि तिथंच पडून राहीन. या वेळी मला उचलायला, पाणी ओतायला, कुंकू लावायला जो हात पुढं येईल तो मी झिडकारीन. त्या पोरीला आत न्यायचं असेल तर त्यांना गाडी माझ्या अंगावरून न्यावी लागेल.